सस्पेन्शन सेट करायला शिकायचंय, पण सगळे क्लिक फिरवून बसलोय. सुरुवात कुठून करू?

वळणवेडा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. माझ्या मोटरसायकलला पुढे अपसाइड डाउन (उलटा, जाड नळी वर असलेला) फोर्क आहे, त्याला प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची), कॉम्प्रेशन (दबताना किती अडवायचं) आणि रिबाउंड (परत वर येताना किती अडवायचं) तिन्ही फिरवता येतात, शेवटची दोन एकेक टप्प्याने, म्हणजे क्लिकने. मागे लिंकेजवाला (चाक आणि शॉकच्या मधे जोडदांड्या असलेला) मोनोशॉक, म्हणजे एकच शॉकअप, त्याला प्रीलोड आणि रिबाउंड. माझं वजन ६२ किलो, जवळजवळ नेहमी एकटाच चालवतो.

त्रास असा आहे की एखाददुसरा खड्डा गाडी मस्त घेते, काही तक्रार नाही. पण उखडलेला रस्ता आला, म्हणजे लागोपाठ बारीक बारीक दणके, की पाचव्या सहाव्या दणक्यानंतर पुढचं टोक एकदम दगड होतं, हँडलचा मार थेट मनगटात येतो. मला वाटलं सस्पेन्शन कडक आहे, म्हणून पुढचा प्रीलोड पार सैल केला. तरी तेच. मग कॉम्प्रेशन सैल केलं, तरी तेच, उलट आता ब्रेक दाबला की गाडी नाकावर बसते. त्याआधी कधीतरी वळणात गाडी डुलते असं वाटलं म्हणून पुढचा मागचा रिबाउंड घट्ट केला होता, तो किती क्लिक केला ते लिहून ठेवलेलं नाही. आता कुठली गोष्ट कुठे आहे तेच कळेनासं झालंय.

दुकानात नेऊन सेट करून घेता येईल, पण मला हे स्वतःला शिकायचंय, कारण नाहीतर सहा महिन्यांनी परत तिथेच येईन. कुठल्या क्रमाने शिकावं? आणि प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते हे खरं का? कारण अर्धे लोक हो म्हणतात, अर्धे नाही.

तेलकट_हात
आधी टायरची हवा. गाडी रात्रभर उभी असताना, टायर थंड असताना, मॅन्युअलमधे लिहिलीय तेवढी. ४-५ पीएसआय जास्त असली तरी बारीक दणके तसेच हातात येतात आणि माणूस क्लिक फिरवत बसतो. मग पुढचं चाक उचलून हँडल डावीउजवीकडे फिरवून बघा, मधोमध अडकल्यासारखं होतंय का, आणि फोर्क खालून धरून पुढेमागे हलवून बघा, बेरिंगला खेळ आहे का. स्विंगआर्मचंही (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचंही) तसंच. हे नीट नसेल तर बाकी सगळी मेहनत वाया.

जुना_फोर्क
तेलकट_हात यांनी सांगितलं ते आधी करा, मग माझं वाचा. जरा लांब लिहितोय कारण हा प्रश्न मलाही एकेकाळी असाच पडला होता आणि कोणी क्रमाने सांगितलं नव्हतं.

पहिलं काम म्हणजे आत्ता गाडी जिथे आहे ते लिहून काढणं, काहीही बदलायच्या आधी. वही घ्या. प्रत्येक क्लिकर घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवत पूर्ण बंद होईपर्यंत न्या आणि किती क्लिक लागले ते मोजा. हलक्या हाताने, दोन बोटांनी, शेवटाला लागला की थांबायचं. आत एक सुईसारखा व्हॉल्व्ह असतो, तो जोर लावून आवळला तर त्याचं टोक आणि बसायची जागा दोन्ही खराब होतात, मग ते क्लिक काही कामाचे नाहीत. मोजून झाले की परत तेवढेच क्लिक बाहेर काढायचे. सगळीकडे 'पूर्ण बंद पासून इतके क्लिक बाहेर' असंच लिहितात, मॅन्युअलमधेही. तुमच्या मॅन्युअलमधे कंपनीचं स्टँडर्ड सेटिंग असणार, ते शेजारी लिहा. मूळ सेटिंग हरवलं म्हणून घाबरू नका, ते छापलेलं आहे.

दुसरं सॅग. म्हणजे गाडीच्या आणि तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते. याला तीन माणसं लागतात, एक गाडी धरायला, एक मोजायला आणि तुम्ही बसायला. आधी चाक पूर्ण हवेत लोंबकळत ठेवून मोजा, पुढे फोर्कच्या सीलपासून खाली अ‍ॅक्सलच्या क्लँपपर्यंत उघडी दिसणारी नळी, आणि मागे अ‍ॅक्सलपासून सरळ वर सीटखाली एखादी पक्की जागा ठरवून, तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा म्हणजे दर वेळी तीच जागा मिळेल. मग गाडी दोन्ही चाकांवर उभी, वर कोणी नाही, परत मोजा. पहिल्यातून दुसरं वजा केलं की फ्री सॅग. मग तुम्ही नेहमीचं जॅकेट, हेल्मेट, बूट घालून, पाय फूटपेगवर ठेवून, चालवताना बसता तसं बसा आणि परत मोजा, तो रायडर सॅग.

इथे एक बारकावा आहे जो बहुतेक जण सोडतात. सील आणि बुशचं घर्षण असतं, त्यामुळे गाडी दर वेळी वेगळ्या जागी थांबते. म्हणून दोनदा मोजायचं. एकदा गाडी खाली दाबून अलगद वर येऊ द्यायची, एकदा वर उचलून अलगद खाली बसू द्यायची, आणि दोन्हीची सरासरी घ्यायची. दोन्हीतला फरक पण लिहून ठेवा, तो फार बोलका असतो.

रस्त्यावरच्या गाडीला रायडर सॅग पुढे साधारण ३५ ते ४० मिमी आणि मागे ३० ते ३५ च्या आसपास असला की सुरुवात बरी. एकूण ट्रॅव्हलच्या (चाक जास्तीत जास्त जेवढं वरखाली होऊ शकतं त्याच्या) तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास म्हणा. ट्रॅकवर यापेक्षा कमी ठेवतात. लांब ट्रॅव्हलच्या मोटोक्रॉस गाड्यांना मागे १०० मिमीच्या आसपास असतो, त्या आकड्यांशी तुलना करू नका.

सॅग जागेवर येत नाही तोवर डॅम्पिंगच्या, म्हणजे कॉम्प्रेशन आणि रिबाउंडच्या, क्लिकला हात लावायचा नाही. आणि तुमचं लक्षण वाचून मला एक शंका आहे, पण आत्ता सांगत नाही, आधी मोजून आकडे टाका. आकड्यांवरून तुमचं तुम्हालाच दिसलं तर जास्त लक्षात राहील.

खडीवाट
सॅग वगैरे ठीक आहे, पण प्रीलोडचं मी माझ्या अनुभवावरून सांगतो, प्रीलोड वाढवला की गाडी कडक होते. मी मागे माणूस बसवला की वाढवतो, फरक सरळ जाणवतो. स्प्रिंग आधीच दाबून ठेवली तर ती कडक होणारच ना.

गणिताची_आवड
खडीवाट दादा, जाणवतो तो फरक खरा आहे, कारण मात्र वेगळं आहे. हे एकदा कागदावर केलं की कायमचं सुटतं, म्हणून करून दाखवतो.

समजा फोर्कच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून १८ न्यूटन प्रति मिमी आहेत. म्हणजे १ मिमी दाबायला १८ न्यूटन. आणि समजा तुम्ही बसल्यावर पुढच्या सस्पेन्शनवर ९०० न्यूटन भार येतो. ९०० भागिले १८ म्हणजे ५० मिमी. स्प्रिंग एकूण ५० मिमी दबणारच, काहीही करा, कारण तेवढी दबल्याशिवाय ती ९०० न्यूटन पेलूच शकत नाही. आता प्रीलोड १५ मिमी ठेवला असेल तर ५० पैकी १५ आधीच दबलेत, गाडी उरलेले ३५ मिमी खाली बसेल. प्रीलोड २० केला तर गाडी ३० बसेल. दोन्ही वेळा स्प्रिंग तितकीच दबलेली आहे, ५० मिमी, फक्त गाडी ५ मिमी उंच उभी आहे. आता खड्ड्यातून वर येताना चाकाने १८० न्यूटन जास्त जोर दिला तर? दोन्ही सेटिंगला बरोबर १० मिमीच दबणार. रॉबर्ट हुकने १६७८ मधे छापलेला नियम तो हाच, ताण जेवढा तेवढा जोर, आणि प्रीलोडचा नट फिरवून त्या स्प्रिंगचा १८ हा आकडा बदलत नाही. आकडा बदलायला स्प्रिंग बदलावी लागते. (इथे मी सगळीकडून सारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग धरलीय. एका टोकाला दाट वेटोळी असलेल्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचं थोडं वेगळं आहे.)

मग कडक का वाटतं? गाडी वर उभी राहते, म्हणजे पूर्ण आपटायच्या आधी वापरायला जास्त जागा मिळते, ब्रेक मारल्यावर ती तितकी खोल जात नाही, उंची वाढल्याने वळायची पद्धतही बदलते. आणि प्रीलोड फारच वाढवला तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, खड्ड्यात चाक खाली उतरायच्या ऐवजी फोर्क वरच्या टोकाला ठक्क करून आपटतो. तो आवाज आणि धक्का लोकांना कडकपणा वाटतो. तुम्ही दोन माणसं असताना वाढवता ते अगदी बरोबरच आहे, पण त्याने गाडीची खाली गेलेली उंची परत मिळते, स्प्रिंग कडक होत नाही.

खडीवाट
कागदावर पटतंय, मी असा विचार केला नव्हता. गाडीवर मोजून बघितल्याशिवाय मात्र माझं समाधान होणार नाही.

वळणवेडा
आज तिघांनी मिळून दोन तास घालवले, आकडे टाकतो. हवा बरोबर होती. हँडलच्या बेरिंगला खेळ नाही.

क्लिक: पुढचा रिबाउंड पूर्ण बंदपासून फक्त २ क्लिक बाहेर निघाला, मॅन्युअलमधे ९ आहे!! कॉम्प्रेशन १६ बाहेर, मॅन्युअलमधे १०. मागचा रिबाउंड ५, मॅन्युअलमधे १०.

पुढे फ्री सॅग ३७, रायडर सॅग ५२. मागे फ्री १९, रायडर ४१. पुढचं ट्रॅव्हल १३० मिमी आहे.

तुम्ही फरक लिहून ठेवा म्हणालात तो असा, पुढे दाबून सोडल्यावर ६१ आणि उचलून सोडल्यावर ४३, म्हणजे सरासरी ५२ पण फरक १८ मिमी. मागे फरक फक्त ४. आम्हाला वाटलं मोजायला चुकलो म्हणून तीनदा मोजलं, तेवढंच येतंय.

जुना_फोर्क
छान मोजलंत. आता शंका सांगतो, आणि तुमच्या आकड्यांनी अजून एक गोष्ट दाखवली जी मला वाटलीच नव्हती.

माझी शंका रिबाउंडची होती. २ क्लिक म्हणजे जवळजवळ बंद. रिबाउंड म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत वर यायचा वेग. तो इतका अडवून ठेवला की पहिल्या दणक्याने फोर्क समजा ३० मिमी दबला, तो पूर्ण वर यायच्या आत दुसरा दणका आला, तो वर आला फक्त १५, मग परत ३० खाली. तिसऱ्याला अजून खाली. असं करत पाचव्या सहाव्या दणक्याला फोर्क तळाजवळ अडकून बसलेला असतो, तिथे स्प्रिंग आधीच खूप दबलेली आणि आतली हवाही आवळलेली, मग पुढचा प्रत्येक दणका तुमच्या मनगटात. याला पॅकिंग म्हणतात. म्हणूनच एकटा खड्डा तुम्हाला छान वाटत होता आणि लागोपाठचे नाही. तुम्हाला जो कडकपणा वाटला तो खरं तर सस्पेन्शन वर न येण्याचा होता, त्यावर प्रीलोड आणि कॉम्प्रेशन सैल केलंत म्हणजे त्याला अजून खाली ढकललंत.

पण १८ मिमीचा फरक हे वेगळंच दुखणं आहे. चांगल्या फोर्कला हा फरक १० च्या आत असायला हवा. मागे ४ आहे, मग पुढे १८ का? फोर्क कुठेतरी घासतोय. मध्यंतरी पुढचं चाक काढलं होतं का?

वळणवेडा
हो! दोन महिन्यांपूर्वी पुढचा टायर बदलला. आणि आता विचार केला तर त्रासही साधारण तेव्हापासूनचाच आहे, मी तो नव्या टायरचा समजत होतो.

तेलकट_हात
मग हे करा. चाक बसवताना अ‍ॅक्सल आवळला आणि लगेच खालचे पिंच बोल्टही (अ‍ॅक्सलला फोर्कच्या पायात घट्ट धरणारे) आवळून टाकले तर फोर्कचा एक पाय अ‍ॅक्सलवर आपल्या जागेपासून मिलिमीटरभर आत किंवा बाहेर राहू शकतो. मग दोन्ही पाय एकमेकांना समांतर राहत नाहीत आणि प्रत्येक वेळी वरखाली होताना बुश घासतात.

मॅन्युअलमधला क्रम बघा, साधारण असा असतो. अ‍ॅक्सल ठरलेल्या टॉर्कला आवळलेला हवा, पिंच बोल्ट सैल. गाडी स्टँडवरून उतरवून चाकावर उभी करा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर वजन टाकून फोर्क पाच सहा वेळा जोरात दाबा सोडा. पाय आपोआप अ‍ॅक्सलवर सरकून आपली जागा घेतो. कधीकधी सरकताना बारीक टक्क ऐकू येतं. मग पिंच बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधे असेल तेवढेच, अंदाजाने नको, ते अ‍ॅल्युमिनियममधे असतात आणि आटे सहज जातात. परत सॅगचे दोन्ही आकडे घ्या.

साधीगाडी
मधेच विचारतो, माफ करा. माझी साधी रोजच्या वापराची गाडी, पुढे साधा टेलिस्कोपिक फोर्क, मागे दोन शॉकअप, त्यांना फक्त पाच टप्प्यांची प्रीलोडची कडी. क्लिक वगैरे काहीच नाही. आमच्यासारख्यांना यातलं काही करता येतं का, का हे मोठ्या गाड्यांचंच काम?

जुना_फोर्क
करता येतं, आणि मी शिकलो तो असल्याच गाडीवर. माझं तर मत आहे की तिथेच जास्त शिकायला मिळतं कारण प्रत्येक बदलासाठी हाताने काहीतरी उघडावं लागतं.

मागचं सोपं आहे. हुक पान्याने कडी फिरवायची, दोन्ही बाजूंना एकाच टप्प्यावर, आणि सॅग तसाच मोजायचा. एकट्याने चालवताना दुसरा टप्पा, मागे माणूस आणि सामान असेल तर चौथा, असं मोजून ठरवून ठेवा.

पुढचा फोर्क समजून घेण्यासारखा आहे. त्यात आत एक दांडी असते, तिला ठराविक मापाची भोकं, आणि तेल त्या भोकांतून ढकललं जातं. भोकातून जाणाऱ्या तेलाचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे फोर्क दुप्पट वेगाने दबला तर अडथळा चौपट. म्हणून तुम्ही ब्रेक हळूहळू दाबता तेव्हा फोर्क सावकाश दबतो, तेलाचा विरोध जवळजवळ नसतोच, गाडी नाकावर बसते. आणि धारदार कडेचा खड्डा आला की फोर्कला एकदम वेगाने दबायचं असतं, तेव्हा तेल भोकातून निघूच शकत नाही आणि तोच मऊ फोर्क काठीसारखा होतो. एकाच फोर्कमधे दोन्ही तक्रारी, आणि दोन्हींचं कारण ती भोकं. दाट तेल घातलं तर बसणं थोडं कमी होतं पण धारदार दणका अजून लागतो. यातून सुटायला त्या दांडीवर बसणारे एम्युलेटर व्हॉल्व्ह मिळतात, कार्ट्रिज फोर्कमधे हेच काम पातळ पोलादी चकत्यांची थप्पी करते, जोर वाढला की चकत्या वाकतात आणि तेलाला वाट देतात.

पण त्याआधी तेल बदला. बहुतेक साध्या गाड्यांचं फोर्क ऑइल वर्षानुवर्षं कोणी बदलतच नाही. मी एकदा माझं काढलं तर करडं पाणी निघालं, त्यात अ‍ॅल्युमिनियमची चमकी तरंगत होती आणि कुबट वास. नवीन तेल घालून त्याच रस्त्यावर गेलो तर वेगळी गाडी वाटली, बाकी काहीही बदललं नव्हतं. ग्रेड मॅन्युअलमधली घ्या. एक सांगतो, डब्ब्यावरच्या १०डब्ल्यू, १५डब्ल्यू वर फार विश्वास ठेवू नका, एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसरीच्या १०डब्ल्यू इतकंच दाट असेल असं नाही. मागच्या बाजूला किंवा माहितीपत्रकात ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) ते लिहिलेलं असतं, तुलना त्या आकड्याची करायची.

आणि तेलाची पातळी. स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण खाली दाबून, नळीच्या वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मेजपट्टीने मोजायचं, दोन्ही पायांत एकसारखं. तेलाच्या वरची हवा ही पण एक स्प्रिंगच आहे. पातळी ५-१० मिमी वाढवली की हवेला जागा कमी होते, सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो पण शेवटाला फोर्क जास्त विरोध करतो. आपटणारा फोर्क यावर बऱ्याचदा सुधारतो. फार भरलं मात्र तर सील फुटतात. आणि वरची टोपी उघडताना पुढचं चाक उचललेलं आणि गाडी पक्की टेकवलेली हवी, टोपीखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, शेवटचा आटा सुटला की ती उडते, चेहरा बाजूला ठेवा.

तेलकट_हात
यावरून आठवलं, मोनोशॉक किंवा वेगळी डबी असलेला शॉक मात्र घरी उघडायचा नाही. त्यात तेलात बुडबुडे होऊ नयेत म्हणून नायट्रोजन दाबून भरलेला असतो, फ्रान्सच्या द कार्बोन या इंजिनिअरने १९५० च्या दशकात बाजारात आणलेली पद्धत, अजून तीच चालते. दाब १० बार किंवा त्याहून जास्त असतो. ते काम गेज आणि नायट्रोजनचा सिलिंडर असलेल्या माणसाचं.

साधीगाडी
इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं, धन्यवाद. पुढच्या आठवड्यात तेलापासून सुरुवात करतो.

वळणवेडा
तेलकट_हात, तुम्ही म्हणालात तो टक्क आला!! पिंच बोल्ट सैल करून चौथ्यांदा दाबताना उजव्या पायातून स्पष्ट ऐकू आला, मित्रालाही ऐकू आला. परत मोजलं तर दाबून सोडल्यावर ५५, उचलून सोडल्यावर ४९. सरासरी तीच ५२, फरक १८ वरून ६ वर आला. दोन महिने फोर्क असा आवळलेला चालवत होतो.

मग पुढचा प्रीलोड १२ फेऱ्या घट्ट केला, माझ्या फोर्कला एका फेरीला १ मिमी आहे. रायडर सॅग ४० आला. आणि इथे मला जे दिसलं ते खडीवाट दादांसाठी मुद्दाम लिहितो. आधी फ्री ३७ आणि रायडर ५२ होता, फरक १५. आता फ्री २५ आणि रायडर ४०, फरक परत १५! म्हणजे माझ्या वजनाने फोर्क तेव्हाही १५ मिमी दबत होता आणि प्रीलोड १२ मिमी वाढवूनही १५ मिमीच दबतो. स्प्रिंग कडक झाली असती तर हा आकडा कमी व्हायला हवा होता. गणित वाचून कळलं होतं, पण मेजपट्टीवर तो १५ परत बघितल्यावर डोक्यात पक्कं बसलं.

मागेही तसंच, रायडर ४१ वरून ३३ वर आणला, फ्री १९ चा ११ झाला, फरक दोन्ही वेळा २२. आणि चाकाला ८ मिमी मिळवायला स्प्रिंगवर फक्त ४ मिमीच्या आसपास नट फिरवावा लागला.

खडीवाट
मान्य. तुमचे आकडे बघून काल मी पण माझी गाडी मोजली, माझ्याकडेही फरक हललाच नाही. इतकी वर्षं चुकीचं सांगत आलो लोकांना, आता बरोबर सांगेन.

गणिताची_आवड
मागे लिंकेज आहे, शॉक थोडा हलतो तेव्हा चाक जास्त हलतं, तुमच्याकडे साधारण दुप्पट, म्हणून ४ चे ८ झाले. आणि तुमचे फ्री सॅग बघून अजून एक निष्कर्ष निघतो. रायडर सॅग जागेवर आणल्यावर फ्री सॅग जर शून्यावर आला, म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने बसतच नाही, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे, तिला प्रीलोडने ओढूनताणून वर धरलंय. उलट फ्री सॅग खूपच राहिला तर स्प्रिंग कडक आहे. मागे ११ आणि पुढे २५ म्हणजे स्प्रिंगा तुमच्या वजनाला बरोबर आहेत, स्प्रिंग बदलायचा विचारही करू नका.

जुना_फोर्क
आता डॅम्पिंग. सगळं मॅन्युअलच्या स्टँडर्डवर न्या, पुढे रिबाउंड ९, कॉम्प्रेशन १०, मागे १०. मग शिकण्यासाठी एक प्रयोग करा. गाडी उभी असतानाच पुढचा रिबाउंड पूर्ण बंद करून फोर्क दाबून सोडा, तो चिखलातून पाय काढल्यासारखा वर येईल. मग पूर्ण उघडा करून दाबून सोडा, तो उसळून वर जाईल आणि डुलेल. ही दोन टोकं हातांना एकदा कळली की मधलं ओळखता येतं. बरोबर असताना फोर्क एका दमात वर येतो, किंचित खाली बसतो आणि थांबतो, परत परत डुलत नाही.

मग तुमचा तोच उखडलेला तुकडा, तोच वेग, टाकीत साधारण तेवढंच पेट्रोल, आणि आधी पंधरा मिनिटं गाडी चालवून, कारण तेल गार असताना दाट असतं आणि सगळंच मंद वाटतं. एका वेळी एकच क्लिकर, दोन क्लिक, परत तोच तुकडा, थांबून वहीत लिहायचं. बरं वाटलं का वाईट, नेमकं कुठे, एवढंच. घरी येऊन लिहू म्हटलं की आठवत नाही.

कॉम्प्रेशनबद्दल एक गैरसमज काढून टाका. पुढेमागे लो स्पीड हाय स्पीड असे शब्द ऐकाल, त्याचा गाडीच्या वेगाशी संबंध नाही. फोर्क किती वेगाने दबतोय त्याचा आहे. ताशी १०० ने जाताना हळूच ब्रेक दाबला तर ते लो स्पीड, आणि ताशी २० ने तीक्ष्ण कडेवर चढलात तर हाय स्पीड. फोर्कला केबल टाय लावा, सीलला टेकवून, सैलसर. जोरात ब्रेक मारल्यावर तो किती सरकला बघा, एकूण ट्रॅव्हलपैकी शेवटचे १०-१५ मिमी शिल्लक राहायला हवेत.

वळणवेडा
दोन रविवार त्याच तुकड्यावर घालवले, एकूण अकरा फेऱ्या, वहीची चार पानं.

स्टँडर्डवर पहिली फेरी केली तेव्हाच पाचव्या सहाव्या दणक्याचं ते दगड होणं गेलं. शेवटपर्यंत फोर्क सारखाच हलत राहिला, मी मुद्दाम उलट फिरून परत केली कारण विश्वास बसत नव्हता. मग रिबाउंड ११ करून बघितला, खड्डे अजून मऊ पण वळणातून गॅस देताना पुढचं टोक हलकं आणि अस्थिर वाटलं, म्हणून १० वर ठेवला. कॉम्प्रेशन ८ केलं तर धारदार कडा जास्त लागल्या, १२ केलं तर ब्रेकला जास्त बसली, ११ ठेवलं. केबल टाय जोरात ब्रेक मारल्यावर ११६ वर गेला, म्हणजे १४ शिल्लक. मागचा रिबाउंड १० वरच आहे, तिथे मला अजून फरक नीट ओळखता येत नाही, ८ आणि १२ दोन्ही सारखेच वाटले.

जुना_फोर्क
मागचा ओळखायला लांब, वेगवान, लाटांसारखा रस्ता लागतो, बारीक दणक्यांवर तो कळत नाही. तो फार सैल असेल तर लाटेनंतर सीट तुम्हाला वर फेकते, फार घट्ट असेल तर मागचं टोक हळूहळू खाली बसत जातं आणि वळणात गाडी बाहेरच्या बाजूला पळते. तसा रस्ता मिळेल तेव्हा ६ आणि १४ असा मोठा फरक करून बघा, दोन दोन क्लिकने नको. आणि मागे उंची ८ मिमीने वाढवलीत ना, मग चेनचा ढिलेपणा आणि हेडलाइटचा झोत परत तपासा.

वळणवेडा
चेन किंचित जास्त ढिली झाली होती पण मॅन्युअलच्या मर्यादेत आहे. हेडलाइट सेट केला. लाटांचा रस्ता शोधलाय, शनिवारी ६ आणि १४ करून येतो आणि इथेच लिहितो.